परत पाठवलेल्यांची वही

माझ्या डाव्या नाकपुडीच्या कडेला तुरीच्या दाण्याएवढा खड्डा आहे. लोक तो कांजण्यांचा व्रण समजतात आणि मी दुरुस्ती करत नाही. खरं कारण सांगायला अर्धा तास लागतो आणि त्या अर्ध्या तासात माझी अब्रू काही वाढत नाही. पण तो खड्डा वगळून आमच्या डॉक्टरबाईंविषयी लिहिता येणार नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मी वणीला कोळशाच्या वजनकाट्यावर कामाला आहे. सव्वीस वर्षं झाली. आधी रिकामा ट्रक तोलायचा, मग भरलेला, आणि मधला फरक लिहायचा. एवढंच काम. माझ्या नोंदीत खाडाखोड नसते, हा माझा अभिमान होता. अजूनही आहे, पण आता तो मी मोठ्यानं बोलून दाखवत नाही.

डॉक्टरबाईंचा चामडीचा दवाखाना बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, पिठाच्या चक्कीच्या वर होता. गजकर्ण, खरूज, ड्रायव्हर लोकांच्या कोळशानं उठलेल्या गांध्या, हे रोजचं. चेहऱ्यावरच्या सुया मात्र फक्त गुरुवारी. गुरुवारच का, तर त्या दिवशी चक्की बंद असे. "बाकी दिवशी जमीन हालते बापा," त्या म्हणत. "जमिनीसंगं मी हालते, माझ्यासंगं सुई हालते, अन् भुवई तुमची खाली येते."

गावात या सुयांचे दोन प्रकार लोकांना माहीत होते. कपाळावरच्या रेघा सैल करते ती आठ्यांची सुई, आणि खचलेल्या जागी काहीतरी भरते ती भरावाची. बाई पन्नाशीनंतर नागपूर-मुंबईला जाऊन दोन्ही शिकून आल्या होत्या. आणि शिकून आल्यावर त्यांनी मुख्य काम काय केलं, तर लोकांना नाही म्हणण्याचं. गुरुवारी दहा जण आले तर सात परत जात. वरून येणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरून, बंद चक्कीच्या दारात बसलेल्या चक्कीवाल्याला कळे की हा परत पाठवलेला आहे. "घ्या, बसा," म्हणून तो त्यांना पाणी देई.

त्यांच्या दवाखान्यात आरसा नव्हता. "आरसा घरी पाहा. इथं मी पाहते." खिडकीसमोर बाईंची खुर्ची, आणि तिच्यापुढे फरशीवर लाल ऑइलपेंटनं काढलेली दोन पावलं. पेशंटनं त्या पावलांवर उभं राहायचं. खुर्चीच्या दांडीला गाठ मारलेली सुतळी बांधलेली असे. ती गाठ पेशंटच्या नाकाच्या शेंड्याला लागली की अंतर बरोबर. मग त्या जुना कॅमेरा घेत आणि हुकूम सुटत: "रागवा. भुवया उचला. डोळे गच्च मिटा. दात दाखवा. शिट्टी वाजवा." शिट्टी न येणारा माणूस नुसता ओठ गोल करून फुंकर मारत बसे, आणि बाई अजिबात न हसता फोटो काढत. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मनात म्हटलं, ही आपल्याच जातीची बाई आहे. रिकाम्या गाडीचं वजन घेतल्याशिवाय भरायला लावत नाही.

पण मी तिथं गेलो कशाला, ते सांगायचं राहिलं.

मुलीचा साखरपुडा झाला होता. मुलगा आर्णीचा, शेती आणि खतांचं दुकान, माणसं सरळ. अल्बम आला. चारशे बारा फोटो. मी मोजले. त्यातल्या शहाण्णव फोटोंत मी होतो आणि हसताना एकाही नाही. एकात तोंड उघडं होतं, पण ती जांभई होती. बाकी सगळीकडे कपाळावर दोन उभ्या रेघा, नाकापासून ओठांपर्यंत दोन खोल घड्या, आणि एकूण भाव असा, की ओव्हरलोड गाडी पकडली आहे.

दोन दिवसांनी विहीणबाईंचा बायकोला फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "व्याह्यांले पोरगा पसंत नाई का? आमचे हे म्हणून राह्यले, फोटोत लय नाराज दिसते ते."

"नाई वं माय," बायको म्हणाली, "त्यायचं तोंडच तसं हाय. माह्यासंगंही तीस वर्षांपासून तसंच हाय."

फोन ठेवून बायको हसली, पण मुलगी हसली नाही. रात्री जेवताना म्हणाली, "बाबा, लग्नात एक तरी फोटो हसरा द्या ना. मला सासरी लावायचाय." मी म्हटलं, "देतो." लग्नाला चोवीस दिवस होते. पोरीला एक फोटो द्यायचा आणि आपल्या तोंडामुळे तिच्या सासरच्यांच्या मनात किंतु राहू द्यायचा नाही, एवढाच प्रश्न होता. साधा माणूस आरशासमोर उभं राहून हसण्याचा सराव करतो. मी गुरुवारची चौकशी केली.

बाईंनी मला लाल पावलांवर उभं केलं, सुतळी नाकाला लावली, रागावायला सांगितलं. "रागावलोच आहे," म्हटलं. मग एक कागद दिला. काय हवं ते एका वाक्यात स्वतःच्या अक्षरात लिहायचं, हा त्यांचा नियम. मी लिहिलं: मी आहे त्यापेक्षा रागीट दिसू नये.

त्यांनी वाचलं. "आहे म्हणजे किती?"

सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी मला असा आकडा विचारला, जो माझ्या कुठल्याच रजिस्टरात नव्हता.

मग त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. "खालची बारीक ओळ वाचा, काटेवाले भाऊ." मी डोळे बारीक केले. "हे पाहा!" त्या म्हणाल्या. "ह्या आठ्या नाईत. चष्म्याचा नंबर हाय. अन् तोंड उघडा. डाव्या बाजूच्या दोन दाढा कुठं गेल्या? त्या नाईत म्हणून गाल खचला. तुमाले माझी गरज नाई. चष्मेवाला अन् दातवाला, दोघांकडे जा. लग्न कवा हाय?"

"तेवीस दिवसांनी."

"मंग तर नाईच. त्रेचाळीस दिवसांच्या आत समारंभ असन तर मी सुई धरत नाई."

"त्रेचाळीसच का?"

"सहा आठवडे, अन् वर एक दिवस. समारंभाची तारीख सांगताना माणूस एका दिवसाचं खोटं बोलते."

मी जिना उतरलो. चक्कीवाला पाण्याचा ग्लास पुढे करून म्हणाला, "घ्या, बसा." मी बसलो नाही. चष्म्याचा नंबर! गाडीची नंबरप्लेट दुरून वाचणारा माणूस मी. (चष्म्याचा नंबर सव्वानं वाढला होता, हे नंतर कळलं. गेल्या वर्षभरात मी किती आठ हे तीन म्हणून लिहिले असतील, याचा विचार मी मुद्दाम करत नाही.)

त्या दिवशी चहाच्या टपरीवर मी बाईंची टिंगलही केली. त्यांच्या फ्रिजमध्ये एक ॲल्युमिनियमचा डबा असे, वर लाल अक्षरात 'हात लावू नये'. त्यात भराव विरघळवून टाकणारं औषध. कधी लागलं नाही. मुदत संपली की बाई ते न उघडता टाकून देत आणि नवं आणून ठेवत. गावभर हा विनोद होता. "स्वतःच्या हातावर भरवसा नाही, म्हणून ठेवते ती," असं मी चारचौघांत म्हणालो. वाक्य अचूक आठवतं, कारण ते गिळताना फार त्रास झाला.

आठवडाभरानं मेन रोडवरच्या एका ब्युटी पार्लरवर फलक लागला. एक दिवसाचं शिबिर, बाहेरगावचे तज्ज्ञ, भरावाची सुई, परिणाम तिथल्या तिथे. मी रीतसर तक्ता केला. एका बाजूला डॉक्टरबाई, दुसऱ्या बाजूला शिबिर. घरापासून अंतर, लागणारा वेळ, खर्च, वाट पाहण्याचे दिवस. चारही रकान्यांत शिबिर पुढे. तक्ता इतका स्वच्छ होता की त्यात पाचवा रकाना नाही, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

घरी सांगितलं, चष्म्याचं पाहायला जातो.

शिबिरात मी आंधळेपणानं गेलो नाही, हेही नोंदवतो. आमच्या काट्याला सरकारी निरीक्षकाचं सील असतं. सील शाबूत तर काटा खरा, यावर माझं आयुष्य गेलं. म्हणून मी त्या तज्ज्ञाला खोकं दाखवायला लावलं. सील पाहिलं, मुदत पाहिली, बॅच नंबर लिहून घेतला. तो म्हणाला, "काका, आजवर इतकं कोणीच तपासलं नाही." मी खूश झालो. औषध अस्सलच होतं. मी सील तपासलं, हात तपासला नाही. तो कुठे शिकला, डॉक्टर आहे की नाही, उद्या कुठे भेटेल, यातलं एकही मी विचारलं नाही.

डाव्या घडीत सुई गेली. अकरा चाळीस. नाकाची कड चुन्यासारखी पांढरी पडली. तो म्हणाला, "होतं असं. बर्फ लावा." उजवी बाजू त्यानं केलीच नाही, म्हणाला घाई आहे. बारा पंचवीस, ठणका सुरू. एकला तज्ज्ञांची गाडी चंद्रपूरच्या रस्त्याला लागली. एक दहा, नाक आणि वरचा ओठ जांभळा, जाळीजाळीचा. हे सगळं मी खिशातल्या डायरीत वेळेसह लिहीत होतो. ट्रकनं पेट घेतला होता आणि मी त्याचं वजन करत बसलो होतो.

घरी रुमाल लावून शिरलो. बायकोनं रुमाल ओढला.

"अवो! हे नाकावर जाळं काऊन दिसून राह्यलं? हा कोणता चष्मेवाला होय?"

मी सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती ओरडली नाही, तिनं स्कूटीची किल्ली घेतली. "बसा मांगं. डॉक्टरबाईकडे."

"उद्या सकाळी जाऊ. आज गुरुवार नाही."

"नाक पडल्यावर गुरुवार पाहान का?"

आम्ही पोचलो तेव्हा दोन वाजले होते. बाई जेवायला निघत होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि पर्स खाली ठेवली. अंगठा नाकाच्या कडेवर दाबला, उचलला, आणि मोजू लागल्या. "एक. दोन. तीन. चार. पाच. सहा." पांढरा ठसा तसाच. चांगल्या कातडीत रक्त दोन मोजेपर्यंत परत येतं, हे त्यांनी पुढे सांगितलं. त्या वेळी फक्त सहा हा आकडा मला समजला, कारण तो म्हणताना त्यांचा आवाज बदलला.

"डोळा कसा हाय? डावा. उजवा झाका अन् कॅलेंडरची बारीक ओळ वाचा."

"ती मला आधीही येत नव्हती."

"तर मोठी वाचा!"

मी वार वाचला. त्यांनी श्वास सोडला. मग बायकोला बाजूला घेऊन, पण मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाल्या, "रक्ताच्या नळीत किंवा नळीवर भराव गेलाय. कातडीले रक्त नाई भेटून राह्यलं. नाकाचं आपण पाहू. पण हेच डोळ्याच्या नळीत सरकलं तर डोळा जाते, अन् मंग माह्याच्यानं काई होत नाई."

बायको खाली बसली. मी लाल पावलांकडे पाहत राहिलो. एक हसरा फोटो द्यायचा म्हणून निघालेला माणूस, आता पोरीचं लग्न दोन्ही डोळ्यांनी पाहील की नाही, हे ठरत होतं.

बाईंनी फ्रिज उघडला आणि तो 'हात लावू नये' डबा काढला.

पुढचे पाच तास मला क्रमानं पाठ आहेत. औषध टोचायचं, चोळायचं, ऊन पाण्याचा फडका, तासानं दाबून मोजायचं, पुन्हा टोचायचं. मधे मधे डोळा झाकून कॅलेंडर. खाली चक्की चालू होती आणि जमीन खरंच हलत होती. बाई प्रत्येक सुईच्या आधी फरशीवर पाय आपटत, खालून चक्कीवाला पट्टा थांबवी, सुई झाली की पुन्हा आपटत. त्या दिवशी अर्ध्या गावाचं पीठ उशिरा दळलं गेलं ते माझ्या नाकामुळे. तीनला मोजणी पाचवर आली. चारला चारवर. डब्यातलं औषध संपत आलं तेव्हा बाईंनी चंद्रपूरहून आणखी मागवलं. सहाला तीन. सातला त्यांनी दाबलं, उचललं, आणि दोनवर थांबल्या.

मग पहिल्यांदा खुर्चीत बसल्या. "किती वाजता पांढरं पडलं होतं? काई आठवते?"

मी डायरी पुढे केली. त्यांनी वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला. "टाइम लिहून आणणारा तुमी पयला माणूस!" माझी मान जरा वर झाली. मग त्यांनी बोटानं वजाबाकी केली. "दोन तास वीस मिनिटं. एवढा वेळ तुमी लिहीत होते?"

बायको म्हणाली, "अक्षर पाहा ना, किती सुंदर आलं."

नाकाच्या कडेची जेवढी कातडी वाचली नाही तेवढाच तो खड्डा. पहिला, तिसरा, सातवा आणि चौदावा दिवस तपासणीचा, असं बाईंनी लिहून दिलं. चौदाव्या दिवशी लग्न होतं. मी म्हटलं, पंधराव्या दिवशी येतो. त्या म्हणाल्या, "मी चौदा लिहिलं."

आणि आल्या. कार्यालयात, अक्षता पडून तासभर झाल्यावर, गळ्यात जुना कॅमेरा, हातात खुर्चीवरून सोडवलेली सुतळी. मी नाकाला पट्टी लावून, नवा चष्मा घालून स्टेजवर व्याह्यांच्या शेजारी उभा. बाई सरळ स्टेजवर चढल्या, पट्टी काढली, गाठ नाकाला लावली. "रागवा," त्या म्हणाल्या. तीनशे माणसांसमोर मी रागावलो. "भुवया. दात. शिट्टी." लग्नाच्या मांडवात मी शिट्टी वाजवली. ओठाची सूज अजून पुरती उतरली नव्हती, त्यामुळे नुसती हवा निघाली. विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला, मुलगी हसत हसत जावयाच्या खांद्यावर कोसळली, आणि मला, का कोण जाणे, हसू आवरेना. लग्नाच्या फोटोग्राफरनं तेवढ्यात बटण दाबलं.

आर्णीला भिंतीवर तोच फोटो आहे.

सहा महिन्यांनी शेवटच्या तपासणीला गेलो तेव्हा बाई म्हणाल्या, "तुमचे आकडे बरे हायेत, ही वही तपासून द्या." वहीत त्यांनी दिलेली प्रत्येक सुई होती, आणि पुढे काय झालं तेही. पापणी उतरली, पाच आठवडे. काळंनिळं, नऊ दिवस. एक भुवई वर, पेशंट समाधानी, मी नाही. कुठेही सारवासारव नव्हती. बेरजा बरोबर होत्या. मागच्या पानांवर वेगळी यादी होती: परत पाठवलेले. त्यात कोण कुठे गेलं, काय करून घेतलं, कसं निघालं. बाई सगळ्यांना महिन्यानं फोन करत. माझ्या नावापुढे तारीख, दाढा, चष्मा, आणि मग: कारण सांगितलं, धोका सांगितला नाही. कुठे जाणार ते विचारलं नाही. चूक माझी.

मी पेन्सिल उचलली. "मॅडम, ही नोंद चुकीची आहे. तुम्ही मला सुई दिलीच नाही. जी गाडी माझ्या काट्यावर भरली नाही, ती माझ्या रजिस्टरात येत नाही."

"ओव्हरलोड गाडी आली तर तुमी काय करता?"

"परत पाठवतो."

"मंग ती कुठं जाते?"

ती कुठे जाते, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. काटा चुकवून मागच्या रस्त्यानं जाते. सव्वीस वर्षांत मी तो रस्ता कधी मोजला नव्हता. पेन्सिल खाली ठेवली. नोंद तशीच राहिली.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी जिना नको म्हटल्यावर बाईंनी दवाखाना बंद केला आणि त्या अमरावतीला बहिणीकडे राहायला गेल्या. जाताना शटरवर पाटी लावली: दवाखाना बंद. सुई घ्यायला निघाला असाल तर आधी या नंबरावर बोला. नंबर माझा. मला विचारलंही नव्हतं. मी फोन करून जाब विचारला तर म्हणाल्या, "तुमाले रस्ता ठाऊक हाय. तीन सवाल विचारा: टोचणारा डॉक्टर हाय का, विरघळवायचं औषध त्याच्याजवळ हाय का, अन् दुसऱ्या दिवशी तो कुठं भेटन. बाकी काई सांगू नका, तुमी डॉक्टर नाई."

आठवड्याला एखादा फोन येतो. बरेचजण मधेच ठेवून देतात. गेल्या रविवारी मुकुटबनच्या एक बाई शटरसमोरूनच बोलत होत्या. दुपारी एका शिबिरात जायचं ठरलं होतं. मी तीन प्रश्न विचारले. तिन्हींना त्या म्हणाल्या, "ते काई माहीत नाई." मग, "पण तुमी डॉक्टर होय का?"

"नाही. मी काट्यावर असतो."

"मंग तुमाले काय समजते त्यातलं?"

मी त्यांना लग्नातला फोटो पाठवला. पट्टी काढलेली, नाकावर खपली, जांभळा ओठ, आणि कडेनं एका म्हाताऱ्या हातातली गाठ मारलेली सुतळी. तो पाहून त्यांनी विचारलं, "नाकाले हे त्याच सुईनं झालं?"

"हो."

"अन् एवढं होऊन तुमी हासून कायले राह्यले?"

मी त्यांना म्हटलं, तिथेच बसा, खाली चक्कीवाला पाणी देईल, सगळं सांगतो, अर्धा तास लागेल. त्या बसल्या.